कोरडी खोली

तिचा नवरा झिंगत चालतो, याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती वास येत नाही याबद्दल.

झिंगत चालणारे गावात पुष्कळ होते. दिवस मावळल्यावर तर सरळ चालणाराच उठून दिसायचा. पण हा भर दुपारी, चारचौघांत झिंगायचा, आणि जवळ जाऊन हुंगलं तर अंगाला ग्रीसशिवाय कसलाही वास नाही. माणसाला पिऊन चढली तर लोक समजून घेतात. न पिताच चढली तर लोकांना भीती वाटते, आणि भ्यालेली माणसं काय करतील याचा नेम नसतो.

तो यारीवाला होता. पाणी खाली गेलं की विहिरी खोल करायची कामं निघतात, आणि त्या साली पाणी इतकं खाली गेलं होतं की विहिरीत डोकावलं तर आपलं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. विहिरीच्या काठावर लोखंडी यारी उभी असायची. इंजिनाच्या ढोलावर तारेचा दोर गुंडाळलेला, दोराच्या टोकाला पिंपाएवढी बादली. फोडलेला दगड त्या बादलीतून वर यायचा आणि दगड फोडणारी माणसं त्याच बादलीतून खाली जायची. वर ओढायचं काम इंजिनाचं. खाली सोडताना मात्र इंजिनाचा काही संबंध नाही. तेव्हा सगळा भार ब्रेकच्या दांड्यावर, आणि दांडा अकरा वर्षं यारीवाल्याच्या उजव्या हातात. बादलीत बसलेली माणसं उतरताना देवाचं नाव घेत, पण बघत त्याच्याकडे.

त्याची बायको त्याच टोळीत घमेली उचलायची. वर आलेला दगड डोक्यावरून नेऊन बांधापलीकडे टाकायचा, परत यायचं, पुन्हा न्यायचा. यारीवाला स्टुलावरून उठताना एका हातानं खांब धरतो, हे तिनंच पहिल्यांदा पाहिलं. मग डाव्या पायातली चप्पल वाटेत राहायला लागली. पायातून चप्पल निसटली हे त्याला दहा पावलं पुढं गेल्यावर कळायचं, तेही दुसऱ्या कुणी हाक मारली तर.

शहरातल्या डॉक्टरनं त्याला मोठ्या मशीनमध्ये झोपवलं, डोक्याचे फोटो काढले आणि एका लांबलचक नावाचा आजार सांगितला. नाव दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. राहिला तो दाखला.

"वायरवरचं रबर उंदरानं कुरतडलं की वीज भलतीकडेच जाते ना? तसं तुमच्या नसांचं झालंय."

"रबर नवीन बसवता येतं का?" यारीवाल्यानं विचारलं. यंत्रावरचा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार.

"नवीन नाही बसत. गोळ्या घ्या, कुरतडणं कमी होईल. आणि उन्हाला जपा. अंग तापलं की पाय आणि डोळे दगा देणार."

"उन्हाचं सोडून काहीही सांगा, डॉक्टरसाहेब."

"लागणारा आजार नाही हा," डॉक्टरनं दोनदा सांगितलं. सासूला संशय आला तो त्यामुळेच. साध्या आजाराला कोण दोनदा सांगतं?

सासूनं त्या दिवशी सुनेला चुलीपाशी बसवून घेतलं. "हे घराबाहेर जाता कामा नये. मागच्या साली तो फेफरं येणारा दगडफोड्या होता. त्याला कुणी काढलं?"

"कुणी नाही."

"कुणी काढलं नाहीच. त्याच्याबरोबर खाली उतरायला कुणी तयार होईना, एवढंच. विहिरीत एकट्यानं उतरता येत नाही. गेला बिचारा आपल्या पायानं." सासूनं राख पुढं ओढली. "आणि तुझा सासरा वीस वर्षं प्यायला. गटारात पडला, मला मारलं, भांडी विकली. पण लोकांनी आपल्या घरचं पाणी कधी टाकून दिलं नाही. उचलून घरी आणून द्यायचे. वर मलाच म्हणायचे, मनानं चांगला आहे हो."

सुनेनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"वास तेवढा हवा," सासू म्हणाली.

दारू विकणारी मावशी गावाच्या टोकाला राहायची. यारीवाल्याची बायको तिच्या दारात उभी राहिली तेव्हा मावशीनं आधी तिच्या मागं कोण आहे ते पाहिलं.

"किती देऊ?"

"लावण्यापुरती."

"लावण्यापुरती म्हणजे? गुडघ्याला?"

"कॉलरला."

मावशीनं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती. दारू लपवायला लोक वेलची चघळतात हे तिला ठाऊक; उलटा प्रकार पहिलाच. तरी धंद्यातल्या माणसानं फार विचारू नये. तिनं औषधाच्या बाटलीत भरून दिली. "कॉलरला लावू नकोस," एवढा सल्ला मात्र फुकट दिला. "उडून जाते. बनियनला लाव, छातीवर. घामाबरोबर धरते."

यारीवाल्याला बापामुळे त्या वासाची शिसारी होती. पहिल्या दिवशी त्यानं बनियन नाकापासून लांब धरलं. "आयुष्यभर एक थेंब घेतला नाही," तो म्हणाला, "आणि आता अंघोळ करतोय."

"हात वर करा," ती म्हणाली.

उपाय मात्र रामबाण निघाला. दुपारी तो स्टुलावरून उठला, भेलकांडला, इंजिनवाल्यानं त्याला सावरलं, आणि सावरताना त्याच्या नाकात वास गेला. इंजिनवाल्याचा चेहरा असा उजळला की जणू विहिरीला पाणी लागलं.

"अरे चोरा. एकट्यानंच?"

संध्याकाळपर्यंत टोळीभर झालं. महिनाभर त्याच्यापासून हातभर लांब बसणारी माणसं पुन्हा खेटून बसायला लागली. कुणी पाठीत थाप मारायचं, कुणी त्याच्याच पेल्यातून पाणी प्यायचं, चप्पल राहिली तर हसत आणून द्यायचं. दगडफोडे उतरताना विचारायचे, "किती मारलीस? अर्धीच ना? मग चालेल." हात त्याचा अजून पक्का होता. डोक्याला ओलं फडकं आणि यारीला छत्री बांधून तो बसायचा. बायकोला म्हणायचा, "ज्या दिवशी हात बधिरला त्या दिवशी मी आपणहून उठेन." पाय नसताना हा उठणार कसा, हे तिनं विचारलं नाही.

हिशेब चुकला तो मुकादमाच्या बाबतीत. मुकादम दोन महिने दुसऱ्या गावच्या विहिरीवर होता. तो परत आला आणि त्याच दुपारी त्यानं यारीवाल्याच्या छातीला नाक लावलं.

मुकादम स्वतः एके काळी जबर पिणारा. स्वतःची सुटली तशी दुसऱ्यांची सोडवायचा त्याला नाद लागला होता. दारू सुटलेल्या माणसाइतका दारूचा पिच्छा कुणी पुरवत नाही. टोळीतला पिणारा माणूस तो कामावरून काढत नसे. "माणूस काढायचा नाही, वाळवायचा," असं म्हणायचा. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची एक खोली होती, हत्यारं आणि डिझेलचे कॅन ठेवायची. तिला टोळीत कोरडी खोली म्हणत. आत तीन दिवस कोंडायचं, सकाळी पाणी आणि जेवण सरकवायचं, बाहेरून कुलूप. आजवर सात जण वाळवले होते. सातातले चार पुन्हा प्यायला लागले, पण मुकादम मोजताना सातच मोजायचा.

"ब्रेकवरचा माणूस पितो आणि तुम्ही हसता?" तो टोळीला म्हणाला. "खाली माणसं असतात रे. उचला याला."

चौघांनी त्याला हातापायांना धरून उचललं, नवरदेवाला उचलावं तसं, थट्टामस्करी करत. यारीवाल्यानंही हसायचा प्रयत्न केला. बायको घमेलं टाकून धावत आली तेव्हा तो तिला जवळ घेतल्यासारखं करून कानात म्हणाला, "तीन दिवस. बोलू नकोस. ब्रेक हातचा गेला तर पुन्हा मिळायचा नाही."

"उन्हाचं काय?"

"बोलू नकोस."

तिनं घरून डबा आणला, तळाशी कागदात गोळ्या. मुकादमानं डबा बोटानं उकरला. त्याला बायकांच्या क्लृप्त्या पाठ होत्या. एकीनं एकदा भातात बाटली पुरली होती.

"हे काय?"

"डोकेदुखीच्या."

"नशेच्या पण असतात." त्यानं गोळ्या खिशात टाकल्या. "वहिनी, मी तुमचा संसार वाचवतोय. आज शिव्या द्याल, वर्षानं हार घालाल."

पहिल्या पूर्ण दिवशी दहा वाजल्यापासूनच पत्र्याला हात लावता येईना. घमेलं घेऊन जाताना ती मुद्दाम वाट वाकडी करून खोलीवरून जायला लागली. भिंतीशी दगड सांडल्यासारखं करायची आणि गोळा करायला वाकायची.

"कसं आहे?"

"आहे ठीक. डिझेलचा वास आहे. तुझ्या बनियनपेक्षा बरा."

दुपारी तिनं पिण्याच्या पाण्याची बादली पत्र्यावर उपडी केली. चर्र झालं आणि तिथल्या तिथं वाळलं. पाणी वाहून आणणारी बाई भडकली. "विहिरीला पाणी नाही अन् तू दारुड्याच्या भिंती धू." बाकीच्या बायका हसल्या. त्यांतल्या तिघींचे नवरे याच खोलीत वाळून गेले होते. हसण्यात आपलेपणा होता.

ब्रेकवर मुकादमानं धाकट्याला बसवलं, यारीवाल्याच्या भावाला. धाकटा दोन वर्षं खाली दगड फोडत होता. वर सावलीत स्टुलावर बसायला मिळालं म्हणून तो जरा खुश होता आणि खुश दिसू नये म्हणून कपाळाला आठ्या घालून बसला होता. आजाराचं त्याला घरात कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं लग्न जुळत होतं; ज्याला माहीत नाही तो बोलूही शकत नाही, असं सासूचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी आतून उत्तर यायला वेळ लागला.

"अहो."

काही नाही. मग पत्र्याला नख घासल्यासारखा आवाज.

"पाणी सांडलं," तो म्हणाला. शब्द चिखलातून पाय काढावा तसे येत होते. "पेला धरला होता. म्हणजे धरलाय असं वाटत होतं."

"उजव्या हातात?"

आत पेला चाचपडल्याचा आवाज आला.

"मी सांगते मुकादमाला."

"उद्या उघडणारच आहे. एक दिवस." मग म्हणाला, "उद्याची सकाळ कधी होते बघ, मला इथं दिसत नाही."

भर दुपार होती. पत्र्याच्या फटींतून एवढं ऊन आत जात होतं की बाहेरून तिला आतले कॅन मोजता आले असते.

ती घमेलं तसंच टाकून मुकादमाकडे गेली. तो झाडाखाली बसून लाकडाच्या काडीनं दात कोरत होता.

"हे पीत नाहीत," ती म्हणाली. "आजारी आहेत. नसांचा आजार आहे. वास मी लावत होते."

मुकादमानं काडी बाजूला ठेवली आणि फार मायेनं तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, बसा. दुसरा दिवस आहे ना? दुसऱ्या दिवशी सगळ्याच येतात. एकीच्या नवऱ्याला कावीळ होती, एकीच्या नवऱ्याला भुतानं धरलं होतं. माझी स्वतःची बायको म्हणायची, यांना मिरगी आहे. वास लावत होते, हे मात्र नवीन आहे."

"मावशीला विचारा. तिच्याकडून आणली."

"तिच्याकडूनच आणणार ना. दुसरं दुकान कुठं आहे?"

तिनं खरं सांगून पाहिलं होतं. खरं एवढंसं आणि खोटं महिनाभर नांदलेलं. कुणाची बाजू लोक घेणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडायची म्हणून काम सुरू होण्याआधी सगळी टोळी जमली. वाळलेला माणूस बाहेर येतो तो क्षण बघण्यासारखा असतो, असा लौकिक होता. मुकादमानं किल्ली काढली, कुलपाला लावली आणि थांबला.

"एक कळत नाही मला," तो म्हणाला. "पहिल्या संध्याकाळी शिव्या देतात. दुसऱ्या दिवशी थरथरतात, रडतात. एकानं मला एका घोटासाठी अंगठी देऊ केली होती. यानं तीन दिवसांत दारू मागितलीच नाही. नुसतं पाणी."

"बरं झालं की," इंजिनवाला म्हणाला. "लवकर सुधारला."

"असं कुणी सुधारत नाही रे. मी सुधारलोय, मला विचार. पिणाराच नसला तर गोष्ट वेगळी."

किल्ली कुलपात तशीच राहिली.

"मग काय आहे त्याला?" इंजिनवाल्यानं हळूच विचारलं.

प्रश्न साधा होता, पण घोळका दोन पावलं मागं सरकला. एका दगडफोड्यानं पालथ्या हातानं ओठ पुसले. "परवा मी त्याच्याच पेल्यातून पाणी प्यायलो." दुसरा म्हणाला, "चप्पल मी उचलायचो." धाकटा कुणाकडे न बघता उभा होता, त्याच्याकडे मात्र सगळे बघायला लागले होते. एका घरातला, एका ताटातला.

आणि आतून आवाज आला. जीभ जड, शब्द घसरलेले.

"ए. थोडी द्या रे. एक घोट."

सगळी टोळी हसली. इतकं मोकळं हसू त्या उन्हाळ्यात कुणी हसलं नव्हतं. इंजिनवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आला बघा लायनीवर."

"घोट द्या रे," आतून पुन्हा. "तुमच्या पाया पडतो."

ज्या माणसानं बापाच्या बाटल्या फोडल्या होत्या, तो पत्र्याला तोंड लावून दारू मागत होता. बायकोला ते मागणं कशासाठी आहे ते कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. तिचा नवरा नक्कल उत्तम करत होता, आणि जिभेचा जडपणा तर नकलेतला नव्हताच.

मुकादमानं मोकळा श्वास घेतला. मग किल्ली कुलपातून काढून खिशात टाकली. "आज कुठं मागायला लागला. म्हणजे पार मुरलेली आहे. अजून दोन दिवस."

"दोन दिवसांत मरतील ते," ती म्हणाली.

"मरत नाही वहिनी. वाटतं तसं. चला रे, इंजिन."

माणसं पांगायला लागली. हत्यारांच्या ढिगात घण पडला होता. बारा वर्षं तिनं त्याच घणानं फोडलेला दगड वाहिला होता, घण कधी उचलला नव्हता. टोळीत बायकांनी घण उचलायचा नाही अशी रीत होती. तिनं तो उचलला. पहिला घाव पत्र्यावर बसला, दुसरा कुलपावर, तिसऱ्याला कोयंडा उपसून आला. मध्ये कुणी पडलं नाही. घण घेतलेल्या बाईची समजूत घालायला फारसं कुणी पुढं येत नाही.

आतली हवा भट्टीतल्यासारखी तोंडावर आली. तो पोत्यांवर पडला होता, एक गाल पत्र्याला टेकलेला आणि भाजलेला.

"का उघडलंस? जमलं होतं की."

"उठा."

"पाय आहेत. दिसतायत," तो म्हणाला. "एवढंच." तिच्याकडे बघून त्यानं डोळे बारीक केले. "दोन दिसतेस. दोघींनी रडू नका."

ती रडत नव्हती. तिनं त्याला पाठीवर घेतलं, त्याचे हात आपल्या गळ्याशी आणून धरले. ते हात आपणहून धरत नव्हते. पॅंट ओली होती, तिच्या पाठीला लागली. दारातून वाकून ती बाहेर आली तेव्हा टोळी पुन्हा गोळा झाली होती, हसायच्या तयारीत.

मुकादम सवयीनं पुढं आला. यारीवाल्याच्या तोंडाजवळ वाकला, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग त्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, बोटं एकेक उघडून सोडून दिली. बोटं सोडली तशीच राहिली. सात माणसं वाळवलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. तो सरळ झाला आणि आपला हात शर्टाला पुसायला लागला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. अकरा वर्षं अरेतुरे करणाऱ्यानं एकदम अहोजाहो केलं. "आराम करा. कामाची काळजी करू नका." खिशातून गोळ्यांचा कागद काढून त्यानं तिच्या हातात दिला नाही, दगडावर ठेवला आणि बाजूला झाला.

"लागणारं नाही हे," ती म्हणाली. "डॉक्टरनं दोनदा सांगितलंय."

ते 'दोनदा' इथंही नडलं.

"भावजी, जरा हात लावा. एकटीला घर गाठवत नाही."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं, मग टोळीकडे. "मला ब्रेकवर बसायचंय, वहिनी," तो म्हणाला आणि गेला. आता त्याला घाईनं बसायलाच हवं होतं. आपला हात चांगला आहे हे सगळ्यांना दिसायला हवं होतं.

ती बांधावरून निघाली. दहा पावलं, थांबायचं, नवरा वर सारायचा, पुन्हा दहा पावलं. मागं इंजिन सुरू झालं. रिकामी बादली एकदा खाली जाऊन वर आली, रोजच्यासारखी. तिच्या पाठीवरचं डोकं ताठ झालं.

"थांब."

"उन्हात नको."

"थांब म्हणतो ना. ब्रेक उशिरा धरतोय. पट्टा सैल झालाय. रोज सकाळी आवळावा लागतो. त्याला ठाऊक नाही, मी कधी सांगितलंच नाही. माणसं सोडू नका म्हणावं."

ती वळली आणि ओरडली. इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. काठावर तीन दगडफोडे बादलीत चढत होते. ती नवऱ्याला घेऊन परत विहिरीकडे चालायला लागली, एक हात वर करून, थांबा, थांबा. त्यांनी तिला पाहिलं. ओझ्यासकट परत येताना पाहिलं आणि ब्रेकवरचा धाकटा सोडून सगळी माणसं विहिरीला वळसा घालून पलीकडच्या काठाला जाऊन उभी राहिली. मुकादमानं दोन्ही हात हलवले. जा, जा, घरी जा.

बादलीतल्या तिघांना कुठं सरकायला जागा नव्हती. ते घाईनं खाली बसले आणि त्यांतल्या एकानं धाकट्याला खूण केली, सोड.

"ऐकलं का त्यांनी?" पाठीवरून त्यानं विचारलं.

बादली काठावरून सुटली आणि दोर पळायला लागला.